विकत घेतलेला खेळ कोणाचा?

व्हिडिओ गेम हा विषय वसंत व्याख्यानमालेत यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्या गोष्टीवर घरोघरी पैसा आणि वेळ खर्च होत आहे, तिचा विचार करणे हे नागरिकांचे कामच आहे. हे खेळ मुलांना हितकर की अहितकर, या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की पैसे मोजून घेतलेला खेळ घेणाऱ्याच्या मालकीचा होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर खेळाची प्रत कोणत्या स्वरूपात मिळते यावर अवलंबून आहे. पहिली प्रत म्हणजे टीव्हीच्या यंत्रात खोचावयाची प्लॅस्टिकची डबी. आपल्याकडची मुले तिला 'कॅसेट' म्हणत. तिच्या पोटात फीत नसून एक चिप असे आणि संपूर्ण खेळ त्या चिपमध्ये मावत असे. १९८५ साली निघालेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटचा होता. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा घेते. दुसरी प्रत तबकडीची. प्लेस्टेशन ४ या यंत्राच्या एका ब्लू-रे तबकडीत ५० जीबीपर्यंत मजकूर राहतो. तिसऱ्या प्रकारात हातात काहीच येत नाही. पैसे भरावयाचे, आपल्या खात्यावर नोंद व्हावयाची आणि खेळ इंटरनेटवरून यंत्रात उतरवून घ्यावयाचा.

पहिल्या दोन प्रकारांत वस्तू आपल्या ताब्यात येते. ती मित्राला देता येते, धाकट्या भावाला ठेवता येते. तिसऱ्या प्रकारात आपल्याला मिळतो तो परवाना. शेत खरेदी केले म्हणजे सातबाऱ्यावर आपले नाव चढते. तेच शेत ठोक्याने केले तर पीक आपले, जमीन दुसऱ्याची. डाउनलोडचा व्यवहार ठोक्यासारखा आहे. फरक असा, की ठोक्याची मुदत दोघांनी मिळून ठरविलेली असते. येथे ती बहुधा एकटी कंपनी ठरविते. हा भेद ग्राहकाला कळावा म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला. दिला जातो तो केवळ परवाना, हे स्पष्ट सांगितल्यावाचून अशा मालाच्या जाहिरातीत 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे त्याने ठरविले. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला.

परवाना रद्द होणे म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन ११८ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाइल' होता. ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतीय खेळाडूंसाठी बंद झाले. पुढे २०२१ साली तोच खेळ निराळ्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि २०२३ साली परतला. बंदी योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र विषय आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की असा खेळ सेनगावात असो वा सोलापुरात, दुरून एकाच दिवशी बंद होऊ शकतो. कपाटातली कॅसेट बंद करावयाची तर कोणाला तरी घरोघर हिंडावे लागेल.

मग तबकडी घेतली म्हणजे निर्धास्त झालो काय? तसेही नाही. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला आणि तबकडीवरही विकला गेला. परंतु तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्यावाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि घरात जपून ठेवलेली तबकडीही निरुपयोगी झाली. २०२५ साली आलेल्या निन्टेन्डो स्विच २ यंत्राच्या काही कार्डांत तर खेळ नसतोच. असते ती खेळ उतरवून घेण्याची किल्ली. शिवाय वस्तू झिजते. तबकडीवर ओरखडे पडतात. जुन्या काही कॅसेटींतील बारीक बॅटरी संपली की खेळाडूची जपलेली प्रगती पुसली जाते.

उलट बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. लहान गावात खेळांच्या तबकड्यांचे दुकान चालणे कठीण. डाउनलोडला दुकान लागत नाही. नव्या, लहान निर्मात्यांनाही या मार्गाने बाजार खुला होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचला तो याच वाटेने. मात्र सोयीलाही किंमत असते. रोज दोन जीबीचा पॅक असलेल्या माणसाला शंभर जीबीचा खेळ उतरवावयाचा तर पन्नास दिवस लागतील. आणि काही कारणाने तो पुसला गेला तर पुन्हा पन्नास!

आता या प्रश्नाची अधिक गंभीर बाजू. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले. इतकी नवी निर्मिती इतक्या लवकर दुर्मीळ व्हावी, याचा अर्थ प्रती पुरेशा हातांत राहिल्या नाहीत. कयाधूकाठची नरसी ज्यांचे जन्मस्थान म्हणून आपण मानतो, त्या नामदेवांची वाणी कशी टिकली? वारकऱ्यांच्या कंठांत, हस्तलिखित बाडांत, आणि पंजाबात १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात. तेथे त्यांची ६१ पदे आहेत. एक वाट बुजली तरी दुसरी मोकळी राहिली. सारी वाणी एकाच मठाच्या एकाच कुलपात असती तर?

छापील ग्रंथांसाठी आपल्या देशाने ही काळजी घेतली आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांस द्यावयाची असते. १९५६ साली वृत्तपत्रेही त्यात आली. हिंगोलीत छापलेले छोटे पुस्तकही या नियमात बसते. पुण्यात घडविलेला खेळ मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा पालकांनी आणि तरुणांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. इंटरनेट नसता हा खेळ चालेल काय? तो दुसऱ्यास देता येईल काय? कंपनीने दुकान मिटले तर आपल्याजवळ काय उरेल? उत्तरे समाधानकारक नसली तरी खेळ जरूर घ्यावा, पण मग ती खरेदी न समजता भाडे समजावे आणि भाड्याइतकेच पैसे द्यावेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी यंत्रे आणि कॅसेटी पडल्या आहेत, त्यांनी त्या भंगारात घालण्याची घाई करू नये. आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तकांच्या शेजारी एक कपाट या खेळांसाठी ठेवावे, अशी आमची सूचना आहे. खर्च फारसा नाही. चालू स्थितीतले एक यंत्र आणि ते जुळविणारा एक जाणता माणूस एवढ्यावर काम सुरू होऊ शकेल.