शेततळ्यातील मत्स्यबीज : कीडनाशके व नॅनो कणांचा एकत्रित परिणाम

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाचे जिरे सोडल्यावर मोठी मर झाली की दोष बीजाला दिला जातो. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. फवारणीच्या औषधांचे अंश पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतात. ओढ्याचे पाणी तळ्यात घेतल्यास त्यातील सांडपाण्याबरोबर जड धातू आणि नॅनो कणही येऊ शकतात. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांचे असे कण रंग व सौंदर्यप्रसाधनांत वापरतात.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नॅनो कण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. वजनाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने धातू व कीडनाशके त्यांना चिकटतात आणि कणांबरोबर माशाच्या शरीरात जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायप्रिनस मासे २५ दिवस कॅडमियमयुक्त पाण्यात ठेवले होते. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनो कण मिसळल्यावर माशांतील कॅडमियम दर ग्रॅमला सुमारे ९ वरून २२ मायक्रोग्रॅमवर गेले.

अंडी व जिरे यांना धोका अधिक असतो. गर्भाचे कल्ले व यकृत पूर्ण तयार झालेले नसतात, त्यामुळे विष निकामी करण्याची शक्ती अपुरी असते. झेब्रा माशाच्या पारदर्शक अंड्यांवरील प्रयोगांत अंडी उशिरा फुटणे, कणा वाकणे, हृदयाभोवती पाणी साचणे असे दोष दिसले आहेत.

एकत्रित परिणाम दरवेळी वाढतोच असे नाही. कधी विष कणांना चिकटून तळाशी बसते आणि पाण्यातील तीव्रता कमी होते. परंतु ते गाळात राहते, आणि मृगळ व सायप्रिनस तळाशीच चरतात. म्हणून प्रत्येक घटक वेगवेगळा मोजून मर्यादेत आढळला, तरी पाणी निर्धोक आहे असे समजू नये.

शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१. फवारणी पंप व औषधाचे डबे तळ्यात धुऊ नयेत. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत.
२. शेताचे वाहते पाणी चर काढून तळ्याबाहेर वळवावे. काठावर गवताचा पट्टा ठेवावा.
३. सांडपाणी मिसळलेले पाणी संगोपन तळ्यात घेऊ नये.
४. बीज सोडण्यापूर्वी बारीक जाळीच्या हाप्यात २०-२५ जिरे २४ तास ठेवून पाहावेत. मर दिसल्यास पाणी बदलून पुन्हा चाचणी घ्यावी.

चार आण्यांच्या या चाचणीने संपूर्ण हंगामाचे बीज वाचू शकते.