चित्रफलकावरील अक्षरशुद्धी : एक विचारणीय विषय

बारामती परिसरात कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता अपरिचित नाही. येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत तिचा प्रयोग केल्यापासून रुग्णही तिच्याविषयी बोलतात. आपले वैद्यबंधूही ऋतुचर्या, पथ्यापथ्य, वनौषधी यांचे चित्रफलक तिच्या साहाय्याने करू लागले आहेत. त्यांवरील अक्षरांविषयी प्रस्तुत लेखात काही अनुभव मांडत आहे.

गेल्या पावसाळ्यात कासरोगावरील वनस्पतींचा फलक मी असाच करवून घेतला. अडुळशाचे चित्र सुबक होते. मात्र खाली ‘वासा’ऐवजी ‘वसा’ उमटले होते. एक काना गळाला आणि वनस्पतीची चरबी झाली! दुसऱ्या फलकात ‘त्वचा’ शब्दातील अर्धा ‘त्’ लोपून ‘वचा’, अर्थात वेखंड, शिल्लक राहिले. आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थिनीने चूक दाखविली, तोवर एका रुग्णाने फलकाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेतले होते. ते कोठवर पोहोचले, कोण जाणे.

हेतू : ही प्रणाली अक्षर लिहीत नाही, रेखाटते. विस्कळीत ठिपक्यांतून टप्प्याटप्प्याने चित्र साकारताना तिच्या लेखी पान आणि काना हे दोन्ही केवळ आकारच. पान किंचित वाकडे झाले तरी पानच राहते. काना गळाला की शब्दच बदलतो. शिवाय आपली सूचना ती शब्दांचे तुकडे करून वाचते. त्यांतील सुटी अक्षरे तिला दिसत नाहीत. अक्षरागणिक वाचणारी व्यवस्था जोडल्यास चित्रातील लेखन सुधारते, हे गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले. इंग्रजीत पुढे झपाट्याने सुधारणा झाली. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येते, रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर बसतो, जोडाक्षरांची रूपे तर असंख्य. म्हणूनच एकाच फलकावर ‘क्ष’ दोन तऱ्हांचा दिसतो व शिरोरेषा मध्येच तुटते. नव्या प्रणाली पुष्कळसे शुद्ध लिहितात. पण नव्याण्णव शुद्ध शब्दांत लपलेला एक अशुद्ध शब्द अधिक घातक, कारण तो सहजासहजी नजरेस येत नाही.

यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहिता १९४१ साली निर्णयसागर मुद्रणालयाने छापली. खिळ्यांच्या छपाईत एका साच्यातून एकच आकार उतरे, त्यामुळे अक्षर पानोपान एकसारखे राही. शुद्धतेचा भार मुद्रिते तपासणाऱ्यावर असे.

चिकित्सा : येथेही निदानपरिवर्जन श्रेयस्कर. प्रणालीकडून केवळ चित्र घ्यावे व मजकुरासाठी जागा मोकळी सोडण्यास सांगावे. नंतर ‘मुक्ता’सारख्या विनामूल्य युनिकोड टंकात मजकूर स्वतः टंकित करावा. त्यात अक्षराचे रूप सर्वत्र सारखेच राहते; चूक झालीच तर ती आपली असते व तत्काळ दुरुस्त करता येते. द्रव्यनाम, मात्रा व अनुपान मूळ ग्रंथाशी ताडून दोघांनी वाचावे आणि मगच फलक भिंतीवर लावावा.

द्रव्य पारखल्याशिवाय आपण औषध देत नाही. त्याचे नाव रुग्णासमोर मांडतानाही तीच दक्षता असावी, एवढेच नम्र निवेदन.