बाप वारला, खाते कोणाच्या नावे?

आपल्या खेड्यात घरचा कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत सारे भाऊ एका पंगतीला बसतात. पुढे चावडीवर जायची वेळ येते आणि तिथे मने फाटायला सुरुवात होते. शेताचा वारसा कोणाचा हा एक प्रश्न, आणि सरकारी कागदावर नाव कोणाचे हा दुसरा. पुष्कळ घरांत हे दोन्ही प्रश्न एकच समजले जातात आणि तिथेच घात होतो. ही गफलत आजची नाही. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांत आहे.

सारा भरणारा एकच हवा

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. तळोदा त्या वेळी खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर ते पश्चिम खानदेशात आले, पुढे धुळे जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

इंग्रजांनी इथे रयतवारी चालवली. जमीन मोजायची, शेताला नंबर द्यायचा, मातीचा कस पाहून सारा ठरवायचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवायचा, अशी ही रीत. खानदेशात १८५२ साली मोजणीची माणसे आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोक हजारोंनी जमले आणि त्यांनी विरोध केला. सारा वाढेल ही त्यांची धास्ती होती. पण मोजणी पुढे झालीच.

सरकारला प्रत्येक खात्यामागे सारा भरणारे एक नाव हवे होते. म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात असे कलम घातले, की खातेदार वारला तर त्याच्या जागी थोरल्या मुलाचे, किंवा जो वारस दिसेल त्याचे नाव लावावे. कोर्टाचा हुकूम किंवा वारसाचा दाखला कोणी आणला तर ते नाव बदलता येई.

म्हणजे थोरल्याचे नाव लागले ते साऱ्याच्या सोयीसाठी. धाकट्यांचा हिस्सा त्याने बुडत नव्हता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे वडिलार्जित शेतात सगळ्या मुलांचा जन्मतःच वाटा असे. पण कागदावर एकच नाव, पावती त्याच्या नावाची, सावकाराकडे गहाणखत करणाराही तोच. दोन पिढ्या गेल्या की थोरल्याची नातवंडे म्हणत, ‘शेत आमच्या आजाचे, तुमचे नाव कुठे आहे?’

ही अडचण पाहून १९०३ साली मुंबई सरकारने हक्कनोंदणीचा कायदा केला आणि १९१३ साली तो महसूल कायद्यातच घातला. तेव्हापासून कब्जेदार, कूळ, गहाणदार अशा सगळ्यांचे हक्क लिहिले जाऊ लागले. आपले फेरफार आणि सातबारा त्यातूनच पुढे आले.

जुने दुखणे, नवे नाव

तुमच्या सातबाऱ्यावर किंवा जुन्या फेरफारात ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे आहेत का ते जरूर पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. थोरल्याचे नाव लावायची जुनी पद्धत या तीन अक्षरांत टिकून राहिली आहे.

समजा, एका बापाला तीन मुलगे आणि दोन मुली. बाप गेल्यावर थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून लागले. तीस वर्षांनी थोरला वारला आणि त्याच्या फक्त बायकोमुलांची नावे चढली. दोन भाऊ आणि दोन बहिणी कागदावरून गायब! त्यांचा हक्क मेलेला नसतो, पण तो सिद्ध करायला जुने फेरफार काढावे लागतात, कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून ए.कु.मॅ. वारला की मूळ मालकापासूनची वंशावळ मांडून सगळ्यांची नावे लावून घ्यावीत.

१८२७ चा दाखला आजही चालतो

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना १८२७ साली जे कायदे झाले, त्यांतला आठवा वारसांविषयी होता. वारसाने कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाने जाहीरनामा काढायचा, एक महिन्यात कोणाची हरकत आली तर ऐकायची, नाहीतर दाखला द्यायचा. नवलाची गोष्ट अशी, की महाराष्ट्रात दिवाणी कोर्टातून वारस दाखला मिळतो तो आजही याच कायद्याखाली. मात्र हा दाखला म्हणजे मालकी नव्हे. मिळकतीचा कारभार तूर्त कोणी पाहायचा, एवढेच तो सांगतो. एका भावाने दाखला काढला म्हणून दुसऱ्याचा वाटा जात नाही.

कर्जाचाही वारसा

वारशात शेत येते तसे कर्जही येते. पूर्वी बापाकडून काहीही मिळाले नाही तरी त्याचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, असा शास्त्राचा नियम कोर्टात चालत असे. १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून ही बेडी तोडली. वारसाला जेवढी मिळकत मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, असे ठरले. विधवेशी पाट लावणाऱ्याच्या डोक्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज बसू नये, हेही त्याच कायद्याने सांगितले.

आजही तत्त्व तेच आहे. वसुलीसाठी कोणी दारात आले तर घाबरून नव्या कागदावर सही करू नका. मात्र मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज त्याचेही होते.

लेकीबाळींचा वाटा

तळोद्याची एक लेक इतिहासात आहे. मल्हारराव होळकर इथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले आणि मामांचीच मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली, आणि त्यांच्यामागे ती सून अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे गेलेला हा वारसा!

साध्या घरात मात्र असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्रापुरताच हक्क असे. १८५६ च्या कायद्याने तिला पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली, पण तसे केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. वतनी घराण्यांत १८८६ च्या दुरुस्तीने बायकांना पुरुष वारसांच्या मागे बसवले. मुंबई इलाख्यात एक गोष्ट तेवढी बरी होती. विभक्त बापामागे मुलगा, नातू, पणतू किंवा विधवा नसेल आणि मिळकत मुलीकडे आली, तर ती तिची पूर्ण मालकीची होई.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी, विधवा, आई यांना वारस केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. बहिणीला तो खुशीने सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवलेले हवे. कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हे पाप तर आहेच, शिवाय ते टिकतही नाही.

सातपुड्याची रीत

तळोद्याच्या उत्तर-पश्चिमेला काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर ही मेवासी संस्थाने होती. १८७४ च्या एका कायद्यात त्यांच्या प्रमुखांची यादी पाडवी, वळवी, वसावे अशा नावांनीच दिली आहे. नेहमीचे कायदे त्यांच्या गावांना सरसकट लागत नसत. त्यांचे मालकी हक्क १९६१ च्या नियमाने संपवले गेले.

आजही हिंदू वारसा कायदा आदिवासींना थेट लागू नाही. तिथे रूढी पाहिली जाते. पण मुलीला वाटा द्यायचाच नाही अशी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागते, नाहीतर तिला समान वाटा मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितले.

एवढे मात्र करा

माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, वर्दी द्या. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडा. अर्ज ई-हक्क संकेतस्थळावरूनही करता येतो. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर सुनावणी होते. मेलेल्यांची नावे काढून वारस लावण्यासाठी २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, यावरूनच किती घरांनी हे काम मागे टाकले होते ते कळते.

आणि हे ध्यानात असू द्या, की वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्यांची नावे लावूनही शेत एकत्र कसता येते. ज्याचे नाव लागले त्याचा हक्क उद्या त्याच्या मुलांना शोधत हिंडावे लागत नाही. आईबाप धडधाकट असतानाच घरचे जुने उतारे एकदा ओट्यावर काढा, शिकलेल्या नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि त्या वेळी बहिणींनाही बोलवा.