श्वास मोजणाऱ्या आरोग्यदूत

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मला एम.डी. होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. बेळगावातील आम्हा काही तरुण बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली आणि सर्वांत मोठा विरोधी सूर माझाच होता. ‘‘सातवी शिकलेली बाई नवजात अर्भकाला जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणार? मग आपण एवढी वर्षे शिकलो कशाला?’’ सर्वजण हसले. आज ते हसू आठवले की ओशाळल्यासारखे होते.

त्या निबंधात होते तरी काय? ३९ गावांतील पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षण दिले. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि पालकांच्या संमतीने प्रतिजैविके देणे, ही त्यांची कामे. प्रकल्पापूर्वी तेथे हजारी ६२ नवजात बालके दगावत असत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले.

हे आकडे मला पाठ होते; त्यांमागचे धैर्य मात्र मी मोजले नव्हते. अंधाऱ्या, धुराने भरलेल्या बाळंतिणीच्या खोलीत अपरात्री जायचे, घरातील वडीलधाऱ्यांच्या नाराजीला तोंड द्यायचे आणि बाळ दगावलेच, तर त्याच गावात मान वर करून राहायचे! आपल्यापैकी कितीजणांनी अशा अटींवर वैद्यकी केली असती?

माझे मत बदलले ते पुढे अनेक वर्षांनी. २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालसेवा सुरू झाली. तिचा पाया गडचिरोलीतच घातला गेला होता. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक आशाताई नऊ दिवसांचे बाळ घेऊन माझ्या दवाखान्यात आली. बाळ आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून लुगड्याने गुंडाळलेले. ‘‘दूध ओढत नाही, सर. श्वास दोनदा मोजले. बहात्तर आणि चौऱ्याहत्तर.’’ मी स्वतः मोजले. तिची मोजणी बरोबर होती. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता.

सासू बाळाला घराबाहेर काढू देत नव्हती. बारशाआधी उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नेम. ‘‘मग काय केलेस?’’ मी विचारले. ‘‘उंबऱ्यावर बसून राहिले. म्हटलं, बाळाला काही झालं तर उद्या माझ्याच दारात येऊन विचाराल.’’ पहाटेच्या पहिल्या बसने ती बाळाला घेऊन निघाली होती. दहा दिवस उपचार झाले आणि बाळ घरी गेले. एक दिवस उशीर झाला असता, तर माझी पदवी त्या बाळाच्या काहीही उपयोगी पडली नसती.

बाळाला तपासून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की ती एवढा वेळ उभीच होती. मी तिला बसायलाही सांगितले नव्हते.

आता माझ्या तपासणी-खोलीत तिसरी खुर्ची असते. आशाताई आली, की आधी तिची वही पाहतो, तिचे निरीक्षण केसपेपरवर तिच्या शब्दांत लिहितो आणि बाळ घरी जाताना पुढच्या काळजीची चिठ्ठी तिच्या हाती देतो. स्मरणिकेच्या वाचकांत माझे अनेक व्यवसायबंधू आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती, की आपल्याही खोलीत अशी एक खुर्ची ठेवावी. आणि त्या १९९९ च्या बैठकीला जे उपस्थित होते, त्यांनी माझे तेव्हाचे विधान मागे घेतले, असे समजावे.