वनस्पती अर्कांची औषधी गुणधर्म चाचणी

वनस्पतीचे पान, साल, मूळ किंवा खोड यांपासून काढलेल्या अर्कात रोगावर परिणाम करणारे घटक आहेत काय, याची प्रयोगशाळेत केली जाणारी तपासणी म्हणजे वनस्पती अर्कांची औषधी गुणधर्म चाचणी होय. गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात आढळणारा बिजा (विजयसार) हा वृक्ष याचे परिचित उदाहरण आहे. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर उपाय म्हणून पिण्याची प्रथा आहे.

अर्क काढणे
प्रथम तज्ज्ञाकडून वनस्पतीची ओळख निश्चित केली जाते. नमुना सावलीत वाळवून त्याची भुकटी करतात. पाणी, अल्कोहोल, हेक्झेन अशा द्रावकांत वेगवेगळे घटक विरघळतात. त्यामुळे द्रावक बदलल्यास अर्काचे गुणही बदलतात. उष्णतेनेही काही घटक नष्ट होतात. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना हिवतापावरील गुणकारी अर्क कमी तापमानावर ईथर वापरल्यानंतरच मिळाला. या कार्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रमुख चाचण्या
जीवाणुरोधक चाचणीत जीवाणू पसरलेल्या अगारच्या थराला छिद्र पाडून त्यात अर्क घालतात. ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तास ठेवल्यावर छिद्राभोवती पडलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजतात. सोबत ज्ञात प्रतिजैविक आणि नुसता द्रावक यांचीही चाचणी घेतात. नुसत्या द्रावकानेही तेवढेच वर्तुळ पडल्यास त्याचे श्रेय अर्काला देता येत नाही. मधुमेहासंबंधीच्या चाचणीत पिष्टमय पदार्थांचे विघटन करणाऱ्या अल्फा-अमायलेज या विकराला अर्क किती रोखतो, हे अकार्बोज या औषधाशी तुलना करून पाहतात.

मर्यादा
परीक्षानळीत गुणकारी ठरलेला घटक पचनात नष्ट होऊ शकतो किंवा शरीराला अपायकारकही ठरू शकतो. म्हणून प्राण्यांवरील व त्यानंतर माणसांवरील चाचण्या आवश्यक असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विजयसार दिलेल्या ९७ नवनिदानित रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा १२ आठवड्यांत नियंत्रणात आली. मात्र तुलनेसाठी औषध न दिलेला गट नसल्याने हा परिणाम केवळ विजयसाराचाच होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय अभ्यासातील मात्रा मोजून दिलेली होती. पेल्यातील पाण्यात किती घटक उतरतात, हे लाकूड व भिजण्याचा काळ यांनुसार बदलते. त्यामुळे असे पाणी डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला पर्याय ठरत नाही.