बारा अक्षरे, तीन जीव

या तीन ओळी सावकाश वाचा, जमल्यास मोठ्याने.

ए ए व्ही ई ई जी व्ही व्ही ए जी जी जी
ए ए व्ही ई ई जी आय व्ही ए जी जी जी
ए ए व्ही ई ई जी आय व्ही एल जी जी जी

पहिली ओळ आपल्या आतड्यात मुक्कामाला असणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्रथिनातली. दुसरी क्षयरोगाच्या जंतूच्या प्रथिनातली. आणि तिसरी माणसाची, म्हणजे ही ओळ वाचताना तुमच्या पेशींत काम करत असलेल्या प्रथिनाची. जिवाणू आणि क्षयाचा जंतू यांच्यात बारापैकी एकच अक्षर वेगळे. क्षयाचा जंतू आणि माणूस यांच्यातही एकच.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ. ही आम्ले वीस, म्हणून वीस अक्षरे. वीस अक्षरांतून बारा जागा भरायच्या तर सुमारे ४,०९६ लाख कोटी वेगवेगळ्या ओळी तयार होतात. त्यातून तीन जिवांनी जवळजवळ तीच ओळ उचलली, हा योगायोग असू शकत नाही. तिघांचा पूर्वज एक होता आणि त्याच्याकडे ही ओळ होती, हेच सरळ उत्तर आहे. आपल्या पेशींतले हे प्रथिन राहते मायटोकाँड्रियात, आणि मायटोकाँड्रिया हे मुळात शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच वस्तीला राहिलेले जिवाणू. म्हणजे तिसरी ओळही जिवाणूंच्याच घरातून आलेली.

ओळी अशा शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम नागपूरकरांना अनोळखी वाटू नये. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी १९७८ साली लीळाचरित्राची संपादित प्रत दिली, ती पोथ्या शेजारी शेजारी ठेवून, पाठभेद तपासून. प्रथिनांचा अभ्यासकही पाठभेदच तपासतो. फरक इतकाच की पोथी नकलणाऱ्याची चूक पुढच्या नकलेत खुशाल उतरते. जिवाणूच्या जनुकात मोक्याच्या जागी चूक झाली, तर ती नक्कल करणारा जीवच उरत नाही. म्हणून कोट्यवधी वर्षांनंतरही जे अक्षर जागचे हललेले नाही, तिथे काहीतरी महत्त्वाचे चालले आहे असे बेलाशक समजावे.

तुलना करायची रीत अशी: दोन प्रथिनांच्या ओळी एकीखाली एक मांडायच्या, एक ओळ मागेपुढे सरकवायची, लागेल तिथे रिकामी जागा सोडायची आणि प्रत्येक जोडीला गुण द्यायचे. हे गुण मनाला येईल तसे देत नाहीत. स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ यांनी १९९२ साली शेकडो प्रथिन-कुटुंबे चाळून कोणते अक्षर कोणाच्या जागी किती वेळा खपते याचा तक्ता केला. त्यात ट्रिप्टोफॅन जागेवर टिकले तर ११ गुण मिळतात, कारण ते दुर्मीळ आहे आणि सहसा बदलत नाही. व्हॅलीनच्या (व्ही) जागी आयसोल्यूसीन (आय) आले तरी ३ गुण मिळतात. वरच्या सातव्या जागेवर हाच बदल आहे. दोन्ही आम्ले तेलकट स्वभावाची, फक्त एका कार्बनाने लहानमोठी, त्यामुळे प्रथिनाचे फारसे बिघडत नाही.

आता हे प्रथिन करते काय? त्याचे नाव ग्रोईएल. ई. कोलायमध्ये त्याच्या माळेत ५४८ अक्षरे. अशा सात माळांचे एक कडे, दोन कडी पाठीला पाठ लावून, मिळून १४ माळांचा एक पोकळ पिंजरा. नव्याने तयार झालेले एखादे प्रथिन घडी नीट न पडल्याने गोळा होऊन वाया जाणार असेल, तर हा पिंजरा त्याला आत घेतो, झाकण लावतो आणि आत निवांत घडी पडू देतो.

प्रत्येक माळेचे तीन भाग असतात. स्वतःची वेगळी घडी आणि वेगळे काम असलेल्या अशा भागाला डोमेन म्हणतात. मधल्या पट्ट्यातल्या डोमेनमध्ये एटीपी हे इंधन जळते, टोकाचे डोमेन बिघडलेल्या प्रथिनाला पकडते, आणि दोघांना जोडणारे तिसरे. पण इंधन जाळणारे डोमेन माळेत सलग लिहिलेले नाही! ते सहाव्या अक्षरापासून १३३ पर्यंत येते, मग मध्येच थांबते, बाकीची दोन डोमेने पुरी होतात, आणि ते ४०९ पासून ५२३ पर्यंत पुन्हा सुरू होते. लांब माळ फिरून परत येते आणि घडी पडताना दोन्ही तुकडे शेजारी बसतात.

आपली बारा अक्षरे ई. कोलायच्या माळेत ४०५ ते ४१६ या जागांवर आहेत. म्हणजे ती नेमकी जोडणारे डोमेन संपून इंधनाचे डोमेन पुन्हा सुरू होते त्या सांध्यावर पडतात. ओळीतले सहावे अक्षर जी, म्हणजे ग्लायसीन. त्याची जागा ४१०. पिंजरा उघडताना-मिटताना माळ वाकते ती इथे, ही तिची बिजागरी. ग्लायसीनला बाजूची साखळीच नसते, म्हणून ते बाकी आम्लांना न जमणाऱ्या कोनांत वळते. तिथे दुसरे कोणी आले तर वळणे अवघड. तिन्ही ओळींत ते तसेच्या तसे आहे. आणि या बारांच्या सात जागा आधी, ३९८ वर, डी म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसले आहे. तेही तिघांत तेच. प्रयोगशाळेत ते बदलून पाहिले तेव्हा एटीपी फोडण्याचा वेग मूळच्या सुमारे दोन टक्क्यांवर आला. नुसत्या ओळी जुळवून ज्या अक्षरावर बोट ठेवता येते, तेच यंत्राचा कळीचा भाग निघते, हे कितीदा पाहिले तरी मला नवलच वाटते.

हे प्रथिन एवढे सर्वत्र आहे हेही ओळी जुळवूनच कळले. १९८८ साली शॉन हेमिंगसेन, कॉस्टा जॉर्जोपुलोस, जॉन एलिस आणि सहकाऱ्यांनी गहू आणि एरंड यांच्या हरितकणांतल्या एका प्रथिनाची ओळ ई. कोलायच्या ग्रोईएलशेजारी ठेवली. दोन्ही जवळजवळ निम्मी सारखी निघाली. वनस्पतीवाले आणि जिवाणूवाले आपापल्या खोलीत एकाच गोष्टीवर काम करत होते! त्याच सुमारास क्षय आणि कुष्ठ यांच्या जंतूंमधले ६५ किलोडाल्टनचे एक प्रथिन गाजत होते, कारण आपली प्रतिकारशक्ती त्याला फार जोरात ओळखते. तेही ग्रोईएलच.

शेखर मांडे यांचे काम इथून सुरू होते. जन्म १९६२ चा, नागपूरचा. याच विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकून ते प्रथिनांच्या रचनेकडे वळले. पुढे २०१८ ते २०२२ या काळात ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. आपली नेहरू मार्गावरची नीरी याच परिषदेची. हैदराबादेत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या जंतूचे ग्रोईएल हाती घेतले. त्यात एक पेच होता. १९९८ साली या जंतूचा डीएनएच्या सुमारे ४४ लाख अक्षरांचा जनुकसंच वाचून झाला होता आणि त्यात ग्रोईएलची जनुके दोन होती. ई. कोलायचे एकात भागते, मग याला दोन कशाला?

२००४ साली त्यांनी दाखवले की या दोन जनुकांची प्रथिने, ग्रोईएल-१ आणि ग्रोईएल-२, प्रयोगशाळेत १४ माळांचा पिंजरा बांधतच नाहीत, लहान गटांतच राहतात. ग्रोईएल-२ ची स्फटिकरचना मिळाली, तीही जोडीची. डोमेने तीच, घडी तीच, इमारत मात्र वेगळी. इतकी अक्षरे जुळत असताना असे व्हावे! मला या साऱ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. ओळी जुळल्या म्हणून काम जुळलेच असे गृहीत धरले असते, तर हा प्रयोग कोणी केलाच नसता.

मग पाहावे ते न जुळणाऱ्या जागी. ई. कोलायच्या माळेच्या शेवटी जी-जी-एम हे पालुपद पुन्हा पुन्हा येते, ग्रोईएल-२ चे शेपूटही त्याच वळणाचे. ग्रोईएल-१ च्या शेपटात मात्र हिस्टिडीनची दाटी आहे. २००९ साली मांडे यांच्या गटाने प्रसिद्ध केले की ग्रोईएल-१ जंतूच्या डीएनएला चिकटते आणि त्याला आवळून घट्ट बांधते. प्रथिनांच्या घड्यांची काळजी घेणाऱ्या घराण्यातले एक भावंड डीएनए सांभाळायला गेले. मूळ जनुकाची एक जादा प्रत तयार झाली, पहिली प्रत जुने काम करत राहिली, दुसरीला बदलायला मोकळीक मिळाली. उत्क्रांती नवे प्रथिन बहुतेक वेळा असेच घडवते.

कुष्ठाचा जंतू हा क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे त्याची ओळख विदर्भात घराघरांत आहे. २००१ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा संशोधक थक्क झाले: सुमारे १,६०० जनुके शाबूत आणि १,१०० हून अधिक मोडकी, अक्षरे गळालेली, निकामी. दुसऱ्याच्या पेशीत फुकट राहायला मिळाल्यावर त्याने निम्मा संसार मोडीत काढला. पण ग्रोईएलची दोन्ही जनुके त्याने शाबूत ठेवली आहेत. हा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ साली पाहिला, आणि आजतागायत तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलोच्या अंगात वाढवावा लागतो. त्यामुळे त्याच्या प्रथिनांबद्दल जे कळते त्यातले पुष्कळसे असेच, त्याच्या ओळी क्षयाच्या आणि ई. कोलायच्या ओळींखाली मांडून, अक्षराला अक्षर लावून कळते.