पंखाची ताकद गोंदात नसते

बाल्सा लाकडाचं किट उघडून कुणी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा पंख जोडायला बसलं, की सल्ला ठरलेला असतो: "पट्टी जरा जाड टाक, सांध्यांना गोंद सढळ हाताने लाव, वरून आणखी एक तुकडा चिकटव. पंख तुटता कामा नये."

मीरा-भाईंदरमधल्या उत्तन या किनाऱ्यावरच्या गावात हा सल्ला पटकन पटतो. इथे लाकडी होड्या किनाऱ्यावर ओढून दुरुस्त केल्या जातात आणि लाटांचा मार खाणाऱ्या होडीला जाडजूड फळ्या हव्यातच. होडीचं वजन पाणी तोलून धरतं, तळाशी थोडं जास्त वजन असेल तर ती उलट स्थिर राहते. विमानाचं तसं नाही. हवा त्याला आपोआप तोलून धरत नाही. प्रत्येक जादा ग्रॅमसाठी विमानाला जास्त वेगाने उडावं लागतं. हा साधा फरक वर्षानुवर्षं दुर्लक्षिला जातो आणि नवशिक्यांची चांगली किट त्यापायी वाया जातात, म्हणून तो आकड्यांनिशी सांगायला हवा.

समजा, पंखाची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर आणि विमानाचं एकूण वजन १ किलो आहे. असं विमान ताशी साधारण २७ किलोमीटरपेक्षा हळू उडवलं तर पंखाची उचल पुरत नाही आणि ते खाली येतं. आता 'मजबुती'च्या नावाखाली गोंद आणि जादा लाकडाने वजन २०० ग्रॅमनी वाढलं. किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो जवळपास ३० वर जातो. तीन किलोमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण जमिनीवर आदळताना विमानात असलेली ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. ती तब्बल ४४ टक्क्यांनी वाढते. पंख वाचवण्यासाठी घातलेलं वजनच पंख मोडायला कारण ठरतं.

मग हवेत पंख तुटणार नाही याची हमी कोण देतं? ती देतो स्पार, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा कणा. किटमध्ये तो बहुधा दोन पट्ट्यांचा असतो: एक वर, एक खाली. सूर मारून विमान झटक्यात वर खेचलं, की पंखावर वजनाच्या पाचपट भार सहज येऊ शकतो. आपल्या एक किलोच्या विमानात पंखाच्या प्रत्येक अर्ध्या भागावर तेव्हा अडीच किलोची उचल असते. ती मध्यापासून सरासरी ३० सेंटिमीटरवर काम करते असं धरलं, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर २ सेंटिमीटर असलं, तर मध्याजवळ वरच्या पट्टीवर सुमारे साडेसदतीस किलोचा दाब आणि खालच्या पट्टीवर तितकाच ताण येतो. हेच अंतर १ सेंटिमीटर केलं तर आकडा ७५ किलो होतो. ताकद ठरते ती दोन पट्ट्यांमधल्या अंतरावर आणि त्या एकमेकींपासून सरकू न देणाऱ्या मधल्या पातळ तुकड्यांवर.

या तुकड्यांना शिअर वेब म्हणतात. ते दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या बाल्साचे असतात, वजन जेमतेम काही ग्रॅम. त्यांचे लाकडी तंतू उभे ठेवायचे असतात, कारण भाराखाली पट्ट्या एकमेकींकडे दबू पाहतात आणि बाल्सा तंतूंच्या दिशेनेच खरा दाब पेलतो. नवशिके नेमके हेच तुकडे गाळतात किंवा आडवे लावतात आणि मग पंखाच्या आकाराच्या कापलेल्या फळ्यांना, म्हणजे रिब्जना, गोंदाचे थर देत बसतात. रिब्जचं मुख्य काम पंखाला आकार देण्याचं आहे. मधल्या साऱ्या रिब्ज गोंदात बुडवल्या तरी कण्याच्या ताकदीत काडीचा फरक पडत नाही.

गोंदाबद्दलचा हट्ट तर आणखी जुना आहे. इपॉक्सी हा गोंद किटमधल्या नेहमीच्या बाल्सापेक्षा सुमारे सातपट जड असतो, त्यामुळे गोंदाने भरलेली फट म्हणजे तिथे दडवलेलं वजन. लाकडाचा सांधा पक्का होतो तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसल्यामुळे, आणि मधला गोंदाचा थर जितका पातळ तितका बरा. याचा दाखला खऱ्या विमानांच्या इतिहासात आहे, तोही भारतातला. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान लाकडी होतं, आणि त्याचं धड बर्चच्या प्लायवुडमध्ये बाल्सा दाबून बनवलेलं होतं. १९४४ मध्ये भारतात तैनात असलेल्या मॉस्किटोंचे पंख निकामी होऊन अपघात झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस ही विमानं तपासणीसाठी जमिनीवर थांबवावी लागली. आधी संशय इथल्या दमट पावसाळ्यावर गेला. पुढच्या चौकशीत ठपका आला तो चिकटवलेल्या सांध्यांच्या सदोष जोडणीवर.

दमट हवेला पूर्ण निर्दोष मात्र ठरवता येणार नाही, आणि समुद्राला लागून असलेल्या गावात तर नाहीच. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळपास फुगत नाही, आडवं मात्र फुगतं. पाण्याचा अंश असलेला पांढरा गोंद पातळ फळीच्या एकाच बाजूला भरपूर लावला, की ती बाजू फुगते आणि फळी वाकते. म्हणजे जास्त गोंद इथेही नडतोच. पावसाळ्यात बाल्साच्या फळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवाव्यात, आणि टाचण्यांनी सपाट पाटावर बसवलेला पंख गोंद पूर्ण वाळेपर्यंत उचलू नये.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य गैरसमजाचं, पुढची त्याच्या उत्तराची.

बाल्सा हे कच्चं लाकूड आहे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ते साग-शिसवीसारखंच कठीण लाकडांच्या गटात येतं. ते वजनाला हलकं आहे, पण वजनाच्या मानाने ताठ आहे. आज पवनचक्क्यांच्या मोठ्या पात्यांच्या गाभ्यातही ते वापरतात.

पंखावरची हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला गाठते, म्हणून विमान उचललं जातं. वरची हवा खालच्या हवेला गाठत नाही, ती तिच्याआधीच मागच्या कडेला पोहोचते. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात धुराच्या रेषांची छायाचित्रं देऊन हे दाखवलं आहे. साध्या सपाट फळीच्या पंखाचं मॉडेलही उडतं.

लेझरने कापलेलं किट असलं की नकाशाची गरज नाही. लेझर तुकडे अचूक कापतो. दोन्ही पंखांचा वरचा कोन सारखा ठेवणं आणि पीळ टाळणं हे जोडणाऱ्याच्याच हातात असतं.

दोन्ही टोकांना धरून विमान उचललं आणि पंख टिकला, म्हणजे चाचणी झाली. तेव्हा मध्यावर येणारा जोर साधारण दुप्पट भाराइतकाच असतो. उंची न सोडता ६० अंश कलून घेतलेल्या वळणातही तितकाच भार येतो, मग सूर मारून वर खेचण्याची गोष्टच वेगळी.

पंखाला पीळ पडला की तो टाकून द्यावा. आवरणाच्या फिल्मवर गरम हवा सोडत पंख उलट्या दिशेने पिळून, थंड होईपर्यंत तसाच धरला, तर बहुतेक वेळा तो सरळ होतो.

मोकळा किनारा म्हणजे उडवायला उत्तम जागा. उत्तनच्या किनाऱ्यावर खडक आहेत, बोंबील सुकवायला उभारलेल्या बांबूंच्या रांगा आहेत, माणसांची कामाची वर्दळ आहे, आणि खारी वाळू सर्व्हो मोटरच्या दातेरी चाकांत शिरते. मोकळं शेत केव्हाही बरं.

हे खेळणं आहे, याला नियम नाहीत. ड्रोन नियम, २०२१ मध्ये करमणुकीसाठी, शिक्षणासाठी किंवा चाचणीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. त्यांना टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही, पण लाल, पिवळ्या आणि हिरव्या हवाई विभागांचे निर्बंध लागू होतात, आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश वेगळेच. उत्तन मुंबई पोलिसांकडे नाही, मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं. त्यामुळे मुंबईचा आदेश वाचून इथला अंदाज बांधू नये. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा हवाई विभागांचा नकाशा पाहावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी.